सुरक्षा, अभय आणि वाक्यातील कर्ता

सैन्य, पोलीस आणि गुप्तवार्ता यांची पुनर्घटना हा राज्यशास्त्राचा विषय. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. यादवी किंवा दडपशाही संपल्यानंतर शस्त्रधारी यंत्रणांना कायद्याच्या व लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाखाली आणावयाचे, या कार्याला ‘सुरक्षा-क्षेत्र सुधारणा’ हे नाव विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केवळ या विषयाला वाहिलेला आपला पहिला ठराव संमत केला. तथापि हे कार्य जेथे हाती घेतले जाते तेथे सर्वांत आधी बदलतात ते शब्द. हा शब्दबदल खरा की वरपांगी, याची पारख करणे हा तर समीक्षकाचा आणि अनुवादकाचा नित्याचा व्यवसाय होय. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे.

वर्णभेदी राजवटीत तेथे ‘कायदा व सुव्यवस्था’ या नावाचे मंत्रालय होते. १९९४ च्या सत्तांतरानंतर त्याचे नाव ‘सेफ्टी अँड सिक्युरिटी’ असे झाले. त्याच वर्षी जुने सैन्य, चार तथाकथित ‘स्वदेशां’ची दले आणि मुक्तिलढ्यातील दोन सशस्त्र संघटना मिळून एक राष्ट्रीय सैन्य उभे राहिले. १९९५ मध्ये पोलिसांच्या नावात ‘सर्व्हिस’ हा शब्द आला. कर्नल, ब्रिगेडियर ही लष्करी पदनामे जाऊन सुपरिंटेंडंट, डायरेक्टर अशी नागरी पदनामे आली. मराठी अनुवादक येथेच अडखळतो. ‘सर्व्हिस’ म्हणजे सेवा, हे खरे. परंतु आपल्याकडे वरिष्ठ अधिकारी तेवढा ‘पोलीस सेवे’त असतो आणि शिपाई ‘पोलीस दला’त. ‘सेफ्टी अँड सिक्युरिटी’चे तर ‘सुरक्षितता व सुरक्षा’ असे निरर्थक द्वित्व होऊन बसते. वस्तुतः यांतील पहिला शब्द नागरिकाची स्थिती सांगतो, दुसरा राज्याची व्यवस्था. त्या पहिल्या शब्दासाठी ‘अभय’ हा आपला जुना शब्दच अधिक सार्थ ठरावा. कारण सुरक्षा वाढली की अभय वाढतेच असे नाही. किंबहुना वर्णभेदी राज्यात सुरक्षेची व्यवस्था जेवढी भक्कम, तेवढे बहुसंख्य प्रजेचे भय मोठे, असाच अनुभव होता.

जुन्या यंत्रणेची भाषा कशी होती, याचा एक पुरावा इतिहासात नमूद आहे. जून १९८५ मध्ये मॅथ्यू गोनिवे व इतर काही व्यक्तींविषयी एक लष्करी संदेश गेला. त्यांना समाजातून कायमचे दूर करण्यात यावे, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात गोनिवे आणि त्यांचे तीन सहकारी मारले गेले. हा आशय मराठीत उतरविताना प्रस्तुत लेखकाला मुळीच प्रयास पडले नाहीत, आणि याचेच त्याला भय वाटले. ‘करण्यात यावे’ ही आपल्या कचेऱ्यांतील रोजची रचना. तिच्यात क्रिया आहे, कर्म आहे. कर्त्याला मात्र जागाच नाही. पुढे सत्य व सलोखा आयोगासमोर अशा शब्दांचा अर्थ ‘ठार मारणे’ असा नव्हताच, हा बचाव राज्यकर्त्यांनी केला. हाताखालच्यांनी त्यांचा अर्थ तसाच घेतला होता. ज्या भाषेत कर्ता नसतो, तिच्यात अपराधीही सापडत नाही.

आयोगाच्या सुनावण्यांचे वाङ्मयीन महत्त्व येथे ध्यानात येते. तेव्हा अकरा राजभाषा असलेल्या त्या देशात साक्षींचे भाषांतर करणारे दुभाषे साक्षीदाराच्या मुखाने, म्हणजे प्रथमपुरुषी, बोलत. ‘माझ्या मुलाला नेले’ हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागे. १९९७ मध्ये केपटाउन येथे जेफ्री बेन्झीन या पोलीस अधिकाऱ्याला, त्याने छळलेल्या टोनी येंगेनी यांनी, ओल्या पिशवीने श्वास कोंडण्याची रीत सर्वांसमक्ष करून दाखविण्यास सांगितले. कर्त्याचे हे प्रत्यक्ष दर्शन होते. आफ्रिकान्स कवयित्री आंचे क्रोख यांच्या ‘कंट्री ऑफ माय स्कल’ (१९९८) या ग्रंथाचे सामर्थ्यही हेच, की आपल्या भाषाबांधवांच्या कृत्यांपुढे त्या स्वतःचा ‘मी’ लपवीत नाहीत. १९९६ च्या संविधानाने उघड बेकायदेशीर आज्ञा पाळण्यास सुरक्षा सेवांतील प्रत्येकाला मनाई केली. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर शिपायाला त्याचे कर्तेपण परत दिले.

परंतु संविधानात आलेले सारेच जीवनात उतरत नाही, हे कादंबरीकार जाणतो. कुट्सी यांच्या ‘डिसग्रेस’ (१९९९) मध्ये ल्यूसी पोलिसांकडे घरफोडीची तक्रार नोंदविते, आपल्यावरील बलात्काराविषयी मौन धरते. पुढे चोरीस गेलेली मोटार सापडल्याचा निरोप पोलिसांकडून येतो. ती दुसऱ्याच कोणाची निघते. येथील पोलीस क्रूर नाहीत. ते केवळ अभय देऊ शकत नाहीत. यंत्रणेचे नाव बदलले, परंतु तिच्यापाशी मन मोकळे करावे एवढा विश्वास काही निर्माण झाला नाही, हे अहवालात न मावणारे सत्य कुट्सींनी एका मौनातून सांगितले आहे.

पुढे शब्दही मागे फिरले. २००९ मध्ये मंत्रालयाचे नाव नुसते ‘पोलीस’ झाले. २०१० मध्ये लष्करी पदनामे परत आली. गुन्हेगारीने त्रस्त झालेल्या जनतेचा कठोरपणाला पाठिंबा होता, हे नाकारता येत नाही. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे संपावरील ३४ खाणकामगार पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावले. आदल्या काही दिवसांत तेथे दहा जणांचे बळी गेले होते आणि त्यांत दोन पोलीसही होते, हेही सांगितले पाहिजे. पदनामांमुळे गोळ्या सुटल्या, असा बालिश निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. परंतु यंत्रणा स्वतःस कोणत्या नावाने हाक मारते, यावरून ती समोरच्या जमावाकडे नागरिक म्हणून पाहील की शत्रू म्हणून, याची काहीएक चाहूल लागते.

म्हणूनच अशा सुधारणांचे दस्तऐवज साहित्यिकांनी वाचले पाहिजेत, आणि भाषांतरकारांनी ते आपल्या भाषांत आणले पाहिजेत. आणताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा : येथे कोण करतो आहे? उत्तर मिळत नसेल तर सुधारणा अजून पुरी झालेली नाही. हा प्रश्न केवळ दूरच्या देशाच्या कागदांना विचारून भागणार नाही. ‘करण्यात यावे’ ही रचना आपल्या घरचीच आहे.