कोटावरची ओळखपत्रे

इंग्रज ज्याला नुसते ‘बटनहोल’ म्हणतो, त्याला अमेरिकन माणूस ‘बुटोनिअर’ असे फ्रेंच नाव देतो. वस्तू एकच : नवरदेवाच्या आणि त्याच्या दोस्तमंडळींच्या कोटाला डावीकडे टाचलेले फूल. हल्ली तिकडे हौशी लोक फुलाऐवजी ज्याच्या त्याच्या आवडीची चीज घरीच बनवतात. गळ टाकून बसणाऱ्याला पिसांचा नकली किडा, सिनेमावेड्याला इवलासा बॅटमन! तारेला चिकटवा, हिरवी पट्टी गुंडाळा, टाचणी मारा, झाले.

कारागिरीबद्दल तक्रार नाही बुवा. चक्रमपणाही जुनाच. १८९२ साली ऑस्कर वाइल्डच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याचे मित्र कोटाला हिरवे कार्नेशन लावून आले होते. पण ते फूल होते, आणि सगळ्यांचे सारखे होते.

आक्षेप आहे तो इथेच. सारखे फूल लावले की डॉक्टर, वकील, कारकून त्या दिवसापुरते नुसते मित्र होतात. आवडीनिवडीची पाटी लावली की संपले! आमच्यासारख्या बँकवाल्याला कोण काय लावणार? रबरी शिक्का! म्हणजे लग्नातही काउंटरवरच बसा.

शिवाय फूल संध्याकाळी कोमेजते, पाहुण्यांना घरची आठवण देते. प्लॅस्टिकचा बॅटमन मात्र नवराबायकोच्या पहिल्या भांडणालाही ताजातवाना हजर!