काला कोणाचा?

गोपाळकाल्याच्या दिवशी घाटकोपरच्या मोठ्या दहीहंडीला सिनेनट येतात, ही अनेक वर्षांची रीत. गोविंदा जिवावर उदार होऊन थर रचत असतो आणि गर्दीचे मोबाइल मात्र मंचाकडे वळलेले असतात.

वारकऱ्याला काला ठाऊक आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात होतो तो, सप्ताहाची सांगता ज्याने होते तो. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या आणि सर्वांनी खायच्या. देवानेही तिथे सवंगड्यांचे उष्टे गोड मानले. त्या पंगतीत मानाचा पाट कोणालाच नसतो.

२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीला २० फुटांची मर्यादा घातली, १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली, वयाची अट १४ वर्षांवर आली. उंची आणि वय न्यायालय ठरवील. कोणाकडे पाहायचे हे मात्र आपणच ठरवायचे असते. नटासाठी आपण गर्दी करतो, म्हणून आयोजक त्याला बोलावतो. त्याला नावे ठेवणे सोपे. त्याला थोरपण देणारे डोळे आपलेच.

माऊली, यंदा हंडीला गेलात तर सर्वांत खालच्या थराकडे पाहा. साऱ्यांचा भार खांद्यावर घेऊन उभा आहे, तो काल्याचा खरा मानकरी.

रामकृष्ण हरी.