वाड्यातील कुटुंब आणि अर्जातील कुटुंब

मराठी साहित्यात परदेशी जाणारा माणूस बहुधा विशीतला असतो. तो शिकावयास जातो, तिकडेच रमतो आणि पुढची कथा मागे राहिलेल्या आईबापांच्या बाजूने सांगितली जाते. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकाने ही बाजू प्रेक्षकांच्या मनावर इतकी खोल कोरली की, स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाना-नानींचे रिकामे घरच उभे राहते. परंतु ज्याने चाळिशी ओलांडली आहे, ज्याची मुले सातवी-नववीत आहेत, पत्नी शिक्षिका किंवा परिचारिका आहे, आणि ज्याची म्हातारी आई आतल्या खोलीत जपमाळ ओढीत बसलेली आहे, तो ‘जावे की न जावे’ या विचाराने रात्र रात्र जागतो तेव्हा काय घडते? हा मनुष्य आपल्या वाङ्मयात फारसा आलेला नाही. अमरावती-अकोल्याच्या धर्मग्रामांतून मात्र तो आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

त्याची कथा नेमकी कुणी लिहिलेली नसली, तरी तिच्या अगदी जवळ जाणारी एक कलाकृती वऱ्हाडच्याच मातीतून आली आहे. महेश एलकुंचवार यांची वाडा-नाट्यत्रयी म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके. एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातील पारवा गावचा. ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांनी १९८५ साली रंगभूमीवर आणले. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके ‘आविष्कार’तर्फे एकत्र सादर केली. या त्रयीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एका देशस्थ ब्राह्मण घराण्याचा ऱ्हास, सरंजामी व्यवस्थेचा अंत, ग्रामीण भागाची पडझड अशी तिची मांडणी होते. ती चुकीची नाही. पण या वाचनात एक गोष्ट निसटते. या नाटकाच्या तळाशी गाव सोडण्याचा एक जुना निर्णय आहे, आणि तो निर्णय घरातल्यांनी एकत्र बसून कधीही घेतलेला नाही.

तात्याजी वारले आहेत. धाकटा सुधीर पत्नी अंजलीसह मुंबईहून धरणगावच्या वाड्यावर येतो. थोरला भास्कर वाड्यातच राहिलेला. तेराव्याचा खर्च कोणी किती करावयाचा यावरून दोघा भावांत ताण निर्माण होतो. वरवर पाहता ही पैशांची घासाघीस आहे; खरे पाहता हा एका जुन्या प्रस्थानाचा हिशेब आहे. भास्करला वाटते, हा सुटला आणि सगळे ओझे माझ्या डोक्यावर टाकून गेला. सुधीरला वाटते, मुंबईत आम्ही कसे दिवस काढतो हे यांना कुठे ठाऊक? दोघेही खोटे नाहीत. लेखकाने कोणाच्याही पारड्यात आपले वजन टाकलेले नाही, आणि मला हे त्या नाटकाचे सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते. जाणारा स्वार्थी आणि राहणारा त्यागी, असा जो सोपा निवाडा आपण घराघरांतून ऐकतो, तो येथे टिकत नाही.

आता कोणी म्हणेल, देशपांड्यांच्या वाड्याशी आपला काय संबंध? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सात पिढ्यांची वास्तू नाही. काहींचे आजोबा तर स्वतःच नोकरीसाठी बाहेरून वऱ्हाडात आलेले. खुद्द अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ सालची. ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर नाटकातील दुय्यम समजल्या जाणाऱ्या पात्रांत आहे. शिकण्याची इच्छा असून जिला शिकू दिले नाही ती अविवाहित प्रभा. भाऊ असून गड्यासारखा राबणारा चंदू. सगळ्यांना धरून ठेवू पाहणारी आई. काळाचे भान सुटलेली दादी. वाडा प्रत्येकाकडे नसेल, पण प्रभा आणि चंदू कोणाच्या घरात नाहीत? ज्या अविवाहित आत्याने भावाच्या मुलांचे अभ्यास घेतले, जो भाऊ आजारी बापाला दवाखान्यात नेत राहिला, त्यांच्या नावावर घराच्या इतिहासात एक ओळही नसते. एलकुंचवारांनी त्यांना रंगमंच दिला.

या ठिकाणी मला साहित्याबाहेरच्या एका मजकुराकडे वळावेसे वाटते, कारण आज मध्यमवयीन कुटुंबाचा निर्णय ज्या कागदावर होतो तो कागदही वाचण्याजोगा आहे. कॅनडाने २०१५ साली ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही पद्धत सुरू केली. तिच्या गुणपद्धतीत वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वयाला असतात. तिशीपासून ते दरवर्षी घटत जातात आणि ४५व्या वर्षी शून्यावर येतात. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांसाठीच्या गुणाधारित स्थायी व्हिसाला ४५ वर्षांखालील वय ही अटच आहे. म्हणजे चाळिशीतल्या माणसाला विचार करण्यासाठी जो अवधी हवा, तोच हा कागद त्याला देत नाही. नाटकात तेरा दिवसांची मुदत आहे, येथे पुढच्या वाढदिवसाची. मुदतीत सापडलेला माणूस नाटककाराला का हवा असतो हे वेगळे सांगावयास नको.

त्याहून अर्थपूर्ण आहे ती ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या. कॅनडाच्या अशा अर्जात कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि २२ वर्षांखालील अविवाहित मुले. आई-वडील त्यात नाहीत. त्यांना नंतर बोलावण्याची वाट निराळी, मर्यादित आणि नशिबावर सोडलेली. भावंडे तर नाहीतच. समजा, भास्करने हा अर्ज भरला असता. तो, वहिनी, पराग आणि रंजू यांची नावे बसतील. दादी, आई, प्रभा, चंदू यांच्यासाठी रकानाच नाही. ज्या चौघांमुळे हे नाटक नाटक झाले, नेमके तेच चौघे अर्जाबाहेर राहतात! कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. कोणताही देश आपल्या गरजेप्रमाणे माणसे निवडणार. पण अर्ज भरता भरता भरणाऱ्याच्या मनातही कुटुंबाची तीच व्याख्या रुजू लागते. ‘आम्ही चौघे’ हा शब्दप्रयोग तोंडी येतो. आई आपोआप ‘आईचे काय करावयाचे’ या प्रश्नात रूपांतरित होते. हे दुष्टपणाने होत नाही, रकान्यांच्या सवयीने होते.

आणखी एक अट अशीच बोलकी आहे. नव्या देशात पहिले काही महिने काढण्यापुरता पैसा आपल्याकडे असल्याचा पुरावा अनेक अर्जदारांना द्यावा लागतो. तो पैसा हाताशी असलेला हवा, उसना चालत नाही. घराची किंमत त्यात धरली जात नाही. या नियमाच्या दृष्टीने चिरेबंदी वाडाही शून्य किमतीचा. ही अट वाचली आणि मला ‘वाडा चिरेबंदी’तील तो गाजलेला प्रवेश आठवला. रात्रीच्या शांततेत वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवून उभी राहते. एरवी आयुष्यभर चुलीपाशी झिजलेली ही बाई त्या क्षणी वाड्याची मालकीण दिसते. पुढे रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळते. मुलगी परत आणली जाते. दागिने परत येत नाहीत. वारसा प्रवासखर्चात मोडला की त्याचे काय होते हे लेखकाने एकाही व्याख्यानाशिवाय दाखविले आहे. शेत विकून, घर विकून जाण्याचा विचार करणाऱ्याने हा अंक जरूर वाचावा. घाबरण्यासाठी नव्हे, तर त्या दागिन्यांवर वहिनीचाही हक्क होता आणि तिला कोणी विचारले नाही, हे लक्षात येण्यासाठी.

त्रयीच्या शेवटच्या नाटकाविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. ‘युगान्त’मध्ये सुधीरचा मुलगा अभय स्वीडनहून उजाड झालेल्या धरणगावी परततो. तो आणि पराग दीर्घ काळ बोलत राहतात. हे संवाद उंचीचे आहेत, त्यांत चिंतन आहे. पण स्थलांतर येथे ‘मुळे तुटणे’ या एकाच प्रतिमेत अडकून पडते. तिथला भाडेकरार, परकी भाषा, मुलांची शाळा, पन्नाशीकडे झुकताना पुन्हा उमेदवारी करण्याची लाज, आणि हो, तिथे मिळालेले मोकळेपणही, यांतले फारच थोडे आपल्यापर्यंत पोहोचते. अभयची स्वीडिश पत्नी आपल्याला मुख्यतः त्याच्या शब्दांतून भेटते. गाव सोडण्याची किंमत पहिल्या नाटकात रुपये-आण्यांत मोजली होती; तिसऱ्यात ती तत्त्वज्ञानात मोजली जाते. माझ्या मते पहिले मोजमाप अधिक सच्चे आहे.

या उणिवेची भरपाई अमरावती परिसराच्या बोलीत लिहिल्या गेलेल्या एका जुन्या कादंबरीने होते. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. येथे परदेश नाही, वाडा नाही. एक गरीब शिंपी कुटुंब आहे. गाव बदलले तर दिवस बदलतील ही आशा आहे. संसाराचा भार उचलणारी कौतिक ही मराठीतील थोर स्त्रीपात्रांपैकी एक. नवरा महादेव दुबळा, पुढे महारोगाने ग्रासलेला. मुले एकेक करून हातची निसटणारी. ‘धग’ आपल्याला दिलासा देत नाही. पण वाडा-त्रयीत जे पुरुषांच्या मौनात दडून राहते, ते कौतिकच्या तोंडून वऱ्हाडीत बाहेर पडते: धान्य किती, उधारी किती, मुलाची शाळा चालेल का. ठरविणारी तीच आणि ठरविल्याचे भोगणारीही तीच. म्हणूनच तिच्या चुकीलाही एक प्रतिष्ठा आहे, जी सुधीरच्या यशाला नाही.

कौतिकच्या शेजारी आपल्या परिचयाची आणखी एक स्त्री ठेवून पाहावी. जुन्या करारातील रूथचे पुस्तक सहकुटुंब स्थलांतरानेच सुरू होते. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेमचा अलीमलेख पत्नी नामी व दोन मुलगे यांना घेऊन मवाब देशात गेला. हा निर्णय पहिल्या दोन वचनांतच सांगून संपतो. नामीला काय वाटले याची नोंद नाही. सुमारे दहा वर्षांत तिन्ही पुरुष मरतात, आणि नामीचा आवाज आपल्याला प्रथम ऐकू येतो तो परतीच्या वाटेवर. जाताना जिला विचारले नाही, तीच परतताना सुनांना स्पष्ट सांगते: तुम्ही आपापल्या घरी जा, माझ्यापाशी तुम्हांला देण्यासारखे काही नाही. परतीची चर्चा खुली झाली आहे आणि दोघी सुना आपापला निर्णय स्वतः घेतात. रूथ परक्या देशाकडे निघते. अर्पा रडून, सासूचे चुंबन घेऊन माहेरी परत फिरते. प्रवचनांतून रूथची निष्ठा सांगताना अर्पेला बहुधा कमी लेखले जाते; पुस्तकात मात्र तिच्याविरुद्ध एकही शब्द नाही.