अक्षर, आकार आणि आमचा संगणक

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, आमच्या टेबलावरच्या संगणकाबद्दल बोलू. त्यांना वाटलं, सर आता यंत्र आणि चैतन्य वगैरे काढणार. तसं काही नाही. रोज सकाळी चहा झाला की आम्ही ज्या पेटीसमोर बसतो, तिच्यात मराठी लिहिताना काय होतं, एवढंच. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं हे त्या वस्तूचं परीक्षण समजा.

सुरुवात एका नुकसानीपासून करतो. १९९६ ते २००७ या अकरा वर्षांत आम्ही वर्गातली सगळी टिपणं संगणकावर उतरवली. शांकरभाष्य, कांट, न्यायदर्शन, सगळं. एक देवनागरी पॅकेज विकत घेतलं होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचीच रीत तीच होती. दर शनिवारी फ्लॉपीवर प्रत काढायची, वर पेनानं तारीख घालायची. निवृत्तीनंतर नवा संगणक आला, फायली उघडल्या, आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. घरचे म्हणाले, "बाबा, व्हायरस असेल."

व्हायरस नव्हता. संगणक अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. त्या जुन्या पॅकेजांनी काय केलं होतं, तर इंग्रजी अक्षरांचे जे आकडे होते, त्यांच्यावरच देवनागरीची चित्रं चढवली होती. आम्हाला पडद्यावर 'ब्रह्म' दिसत होतं. आत होती रोमन चिन्हांची एक ओळ. वर्गात तीस वर्षं आम्ही दोरी आणि साप शिकवला. एका वस्तूवर दुसरीचा आरोप, म्हणजे अध्यास. आणि ज्या टिपणांत तो शिकवला, ती टिपणं स्वतःच अध्यास निघाली! (हशा) हसा, पण त्या दिवशी आम्ही जेवलो नव्हतो.

मग युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. आपल्याकडे त्याआधीच इस्की नावाची भारतीय संकेतप्रणाली तयार होती, आणि युनिकोडमधली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. आमच्या मते यातला मोठा विचार असा की, अक्षर वेगळं आणि त्याचा आकार वेगळा. 'क' ला स्वतःची ओळख मिळाली; तो कोणत्या वळणानं दिसावा हे फॉन्टनं बघावं. प्लेटो वाचलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. कोणताही फॉन्ट काढा, घाला, 'क' हा 'क' च राहतो. ज्यांनी हे केलं त्यांचे आमच्यावर उपकार आहेत, हे आधी म्हणून ठेवतो, कारण पुढे तक्रारीच आहेत.

पहिली तक्रार ॲरिस्टॉटलबद्दल. २००८ पर्यंत युनिकोडमध्ये 'ॲ' ला स्वतंत्र जागा नव्हती. लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवत. मग स्वतंत्र 'ॲ' आला. पण जुनी सवय गेली नाही, आणि जुन्या फायली तर तशाच राहिल्या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण आमच्या पुस्तकाच्या मजकुरात आम्ही ॲरिस्टॉटल शोधला, तर निम्मेच सापडले. बाकीचे निम्मे समोर दिसत होते, पण यंत्र म्हणे नाहीत. लायब्निट्झ म्हणतो, दोन वस्तूंत कुठलाच फरक काढता येत नसेल, तर त्या दोन नव्हेत, एकच. इथे वाचणाऱ्याला काही फरक काढता येत नाही आणि तरी त्या दोन आहेत. फरक आहे, पण तो आमच्यासाठी नाही, यंत्रासाठी आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं हे डोळ्यांनी कळत नाही. ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

दुसरी, अर्ध्या 'र' ची. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पैसे द्यायचे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा भेद हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी नजरेसमोर ठेवून केलेल्या साधनांत तो कोपऱ्यात पडतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तो आहे: शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. एका स्मरणिकेत आमच्या लेखात 'सह्याद्रीचे दर्या' छापून आलं आणि एका वाचकानं कार्ड पाठवलं की, प्राध्यापकांचा भूगोल कच्चा आहे.

तिसरी तक्रार सूचीची. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. यंत्राच्या लेखी 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. त्यामुळे नुसत्या आकड्यांच्या क्रमानं लावलं, की 'ज्ञान' हा शब्द 'जीव' च्या शेजारी जाऊन बसतो. मराठी क्रम लावण्याची सोय अस्तित्वात आहे, पण आमच्या प्रोग्रॅमला ती ठाऊक नव्हती. सूचीची बावीस पानं आम्ही हातानं लावली. ज्ञान शेवटी नेऊन ठेवलं.

आता कीबोर्ड. इन्स्क्रिप्टची मांडणी आम्हाला फार आवडते, यात लपवायचं काही नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिफ्ट धरलं की क चा ख, ग चा घ. वर्णमाला ज्यानं बोटांनी समजून घेतली आहे, अशा कुणीतरी केलेलं हे काम आहे. पण दुकानात लॅपटॉप घ्यायला जा, कळांवर एक देवनागरी अक्षर छापलेलं दिसणार नाही. म्हणून आमचा नातू रोमनमधून लिहितो. के ए एल दाबतो आणि यादीतून निवडतो: काल, कल, कळ, काळ. आम्ही त्याला म्हणालो, बाळा, आधी मनात शब्द इंग्रजीत मोडायचा, मग यंत्रानं तो मराठीत जोडायचा, हा वळसा कशाला? तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या दुप्पट वेगानं होतं." आम्ही घड्याळ लावून पाहिलं. खरंच होतं. तरी आमचं मत बदललं नाही, कारण 'कळ' हवी असताना 'काल' निवडून त्यानं पाठवलेले निरोप आम्ही वाचतो.

तर आमच्या टिपणांचं काय झालं? जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं मिळतात. बहुतेक मजकूर आला. पण जुन्या पद्धतीत रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असे, तो परिवर्तकाला उचलून मागे ठेवता आला नाही. त्यामुळे 'धर्म' चा 'धमर्' झाला आणि 'कर्म' चा 'कमर्'. मीमांसेवरची साठ पानं, विचार करा. रोज दोन पानं दुरुस्त करतो. न्यायदर्शन संपलं, कांट निम्मा झाला. दोन फ्लॉप्या मात्र वाचल्याच जात नाहीत. त्यांत बौद्ध प्रमाणशास्त्रावरची व्याख्यानं आहेत. आपल्यापैकी कुणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह असेल, तर व्याख्यान झाल्यावर भेटा. चकत्या आम्ही पिशवीत घेऊनच आलो आहोत.