कनात गेली, छत्री आली

जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. याच नारायणगावाजवळ आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह संदेशवहनाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले. अश्लील म्हणून हिणवली गेलेली कला आणि पुढे घराघरांत वाहिन्या आणणारे तंत्र, दोन्ही एकाच शिवारात नांदली. मुलांपुढे काय यावे आणि ते कोणी ठरवावे, हा विचार म्हणून इथूनच सुरू करावासा वाटतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचे होते. बंदी सैल झाली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. अण्णा भाऊ साठे यांनी त्याच काळात ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आणले. शिक्का बसला तो मुख्यतः दलित आणि भटक्या समाजांतल्या कलावंत स्त्रियांवर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तरी २००२ मध्ये त्या गेल्या त्या ओढगस्तीतच. आज राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

या वादात तमाशाची स्वतःची शिस्त मात्र दुर्लक्षित राहिली. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षकाला पाठ असे. कशानंतर काय येणार हे ठाऊक असे. कनातीला दार होते, दारावर तिकीट होते आणि वेळ रात्रीची होती. पोराला न्यायचे की नाही, हे घर ठरवी. यात्रेतल्या खुल्या तमाशाला पोरे पुढेच बसत, हेही खरे. पण शेजारी आजा, चुलता, अर्धे गाव असे. द्व्यर्थी बोलावर मोठी माणसे हसली, की ही थट्टा आहे आणि ती कुठे करायची असते, हे पोराला आपोआप कळे. ही व्यवस्था आदर्श नव्हती. बाया तर बहुधा घरीच राहत. पण तिच्यात पूर्वकल्पना आणि सोबत या दोन गोष्टी होत्या.

१९९० नंतर केबल आली आणि या दोन्ही गोष्टी सुटल्या. कनातीतले दिवाणखान्यात आले आणि दार काढून टाकले गेले. १९९५ च्या केबल कायद्याने कार्यक्रम-संहिता पाळण्याचे बंधन घातले. ते कागदावरच राहते असे पाहून मुंबईतील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी उच्च न्यायालयात गेल्या. प्रौढांसाठीचे चित्रपट घरात दाखवू नयेत, असा आदेश न्यायालयाने दिला. २००६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी केबलचालकांवर कारवाई केली आणि चित्रपटांच्या वाहिन्या काही दिवस बंद पडल्या. हेतू योग्य होता, याचिकाही आवश्यक होती. पण घराच्या हाती काही आले नाही. पूर्वी केबलवाला दाखवी ते पाहायचे, आता पोलीस थांबवतील ते पाहायचे नाही.

घराच्या हाती निवड आली ती २०१९ मध्ये, ‘ट्राय’च्या नव्या दरपद्धतीने. तेव्हा १०० वाहिन्यांसाठी करांखेरीज १३० रुपये मूळ आकार होता, आणि सशुल्क वाहिन्या ज्याच्या त्याने निवडायच्या. पण ही निवड किमतीची आहे, आशयाची नाही. वाहिनी निवडता येते, तिच्यावरची मालिका आणि मधली जाहिरात निवडता येत नाही. एकेक वाहिनी वेचण्यापेक्षा पॅक सोपा पडतो, आणि पॅकमध्ये नको ते हवे त्याच्यासोबत येते. ज्याच्या छपरावर मासिक शुल्क नसलेली ‘फ्री डिश’ची छत्री आहे, त्याला तर एवढीही निवड नाही.

जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, अशी इथली स्थिती. दिवस मावळला की मळ्यातल्या वस्तीवरचे पोर अंगणात सोडता येत नाही. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल, तर बाप पाणी धरायला गेलेला, आई चुलीपाशी. पोर आणि टीव्ही एका खोलीत. ‘मुलांना टीव्हीपासून दूर ठेवा, बाहेर खेळू द्या’ हा शहरी सल्ला इथे लागू पडत नाही.

त्या वेळी पडद्यावर काय असते? ‘कौटुंबिक’ मालिका. सुनेचा छळ, थोबाडीत, विषाची वाटी, दुसऱ्या बाईविरुद्धची कारस्थाने. यांतले काहीही अश्लील ठरत नाही. २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना निरोधच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवण्यास सांगितले. आरोग्याची गोष्ट रात्रीवर ढकलली गेली आणि बाईचा अपमान संध्याकाळी राहिला. मांडी दिसली की अश्लील आणि मान खाली घातली की कौटुंबिक, ही मोजपट्टी तमाशाच्या वेळी होती तीच आहे. ती मुलांना जपत नाही, प्रतिष्ठेला जपते.

उपाय फार अवघड नाहीत. ओटीटीवरील कार्यक्रमांना २०२१ च्या नियमांनी ७, १३, १६ अशा वयाच्या पायऱ्या लावल्या. तशीच पायरी मालिकेला का नको? ती मराठीत, कार्यक्रमाच्या आधी आणि जाहिरातीनंतर पुन्हा दिसली पाहिजे. सेट-टॉप बॉक्समधले मुलांसाठीचे कुलूप कसे लावायचे, हे जोडणी करणाऱ्याने घरातल्या बाईला मराठीत दाखवून दिले पाहिजे. मुलांच्या कार्यक्रमातली जाहिरात त्या कार्यक्रमाच्याच कसोटीवर तपासली पाहिजे.

एवढे झाले तर पूर्वकल्पना परत येईल. सोबत कोणताही कायदा देऊ शकत नाही. ती देणाऱ्या माणसाला रात्री मोटार चालू करायला जावे लागू नये, दिवसा वीज मिळावी, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. मुलांच्या टीव्हीच्या चर्चेत तिचा उल्लेख कधी येत नाही. तो यायला हवा.