उरलेल्यांचे गाणे

दिवंगत कलावंताला गाण्यातून आदरांजली वाहण्याच्या मराठी प्रकाराला गेल्या काही वर्षांत जी कळा आली आहे, तिच्याकडे समीक्षेने काणाडोळा करणे आता परवडणारे नाही. तो कलावंत स्वतःच्या हाताने आयुष्य संपवून गेलेला असेल, तर हा प्रकार केवळ निस्तेज राहत नाही, घातकही ठरू शकतो. मीरा-भाईंदरसारख्या उपनगरात, जिथे हौशी गायकांच्या कॅराओके मंडळांना तोटा नाही, तिथे ‘स्मृतिसंध्या’ या नावाने होणाऱ्या कार्यक्रमाचा साचा पक्का झालेला आहे: रंगमंचाच्या एका अंगाला हार घातलेली तसबीर, समई, ध्वनिमुद्रित वाद्यसाथीवर ओळीने म्हटलेली बारा-पंधरा गाणी, मधल्या जागा भरणारा गहिवरलेला निवेदक आणि अलीकडची भर म्हणजे अखेरीस पडद्यावर झळकणारा मदतवाहिनीचा क्रमांक. निवेदकाच्या तोंडी ‘अकाली एक्झिट’ हा शब्दप्रयोग हमखास असतो. मृत्यूला नाटकातल्या पात्राच्या निर्गमनाचा दर्जा देणारा हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी रूढ केला आणि रंगमंचाने तो बिनदिक्कत उचलला. जाणारा टाळ्या घेऊन गेला, एवढाच अर्थ त्यातून श्रोत्यापर्यंत पोहोचतो.

हा आक्षेप केवळ रुचीचा नाही. गटेच्या 1774 सालच्या कादंबरीतील आत्मघात करणाऱ्या नायकावरून ‘वेर्थर परिणाम’ ही संज्ञा आली असून, मृत्यूचे उदात्तीकरण करणाऱ्या कथनामुळे अनुकरणाचा धोका वाढतो, असा तिचा आशय आहे. तिच्या उलट अर्थाची ‘पापागेनो परिणाम’ ही संज्ञा थॉमस निडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये रुजवली. मोझार्टच्या 1791 सालच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतला पापागेनो हा पारधी जीव द्यायला निघालेला असताना तीन मुले त्याला त्याच्याजवळच असलेल्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात, तो त्या वाजवतो आणि परततो. संकटातून मागे फिरलेल्याची गोष्ट सांगणारे कथन ऐकणाऱ्याला तारू शकते, एवढे या संज्ञेतून सुचवायचे असते. पण वाद्य पापागेनोचे स्वतःचे होते आणि त्याची आठवण देणारे कोणी तरी शेजारी होते, हे दोन तपशील संगीताच्या विद्यार्थ्याने विसरू नयेत.

जाणाऱ्यापेक्षा मागे उरलेल्यांकडे पाहणे मराठीला नवे नाही. ज्ञानदेवांच्या 1296 मधील समाधीवर नामदेवांनी रचलेल्या अभंगांचा भार जाणाऱ्याच्या तेजापेक्षा मागे राहिलेल्यांच्या व्याकुळतेवर आहे. समाधी आणि आत्महत्या यांची गल्लत येथे अभिप्रेत नाही. स्मरणकाव्याचा कॅमेरा कुणाकडे वळलेला असावा, एवढाच मुद्दा आहे.

या कसोटीवर आधुनिक मराठीतले एकच उदाहरण खऱ्या अर्थाने विचारात घ्यावे लागते, ते शाहीर विलास घोगरे यांचे. मीरा-भाईंदरपासून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापलीकडे, मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारा हा कवी-गायक आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटात एकतारीवर गाताना दिसतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर उसळलेल्या निदर्शनांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मृत्युमुखी पडले आणि चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्या मृत्यूपासून सुरू होणारा पटवर्धन यांचाच ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. हा चित्रपट स्मृतिसंध्येच्या नेमका उलट चालतो: तो घोगरे यांच्या गाण्यांचा हार गुंफत बसत नाही, तर वस्त्यावस्त्यांतून, जलशांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून आणि पुढे पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत गाणाऱ्या माणसांचा माग काढत जातो, त्यामुळे मृत शाहीर हळूहळू मागे पडतो आणि त्याच्यानंतर कोण गात आहे, हा प्रश्न पुढे येतो. आदरांजलीचा याहून प्रौढ नमुना मराठी परिसरात शोधूनही सापडणार नाही.

तरीही या उदाहरणाच्या मराठी स्वीकारात एक गफलत आहे. सभांतून घोगरे यांचा उल्लेख ‘शहीद’ म्हणून होतो. त्या शब्दामागचा संताप समजण्यासारखा आहे आणि गोळीबाराची जबाबदारी पुसट होऊ नये, ही काळजी रास्तच आहे. परंतु ज्या डाव्या सांस्कृतिक संघटनेत हा शाहीर घडला, तिने त्याला आधीच बाहेर काढले होते, ही चित्रपटानेच नोंदवलेली बाब ‘शहीद’ या शब्दाखाली सहज झाकली जाते. हौतात्म्य बहाल केले की समूहाची हिशेबातून सुटका होते: मग मृत्यू शत्रूने घडवला एवढेच उरते, आणि आपल्यातला एक गळा एकटा पडला होता तेव्हा त्याची चौकशी कोणी केली, हे विचारण्याची गरज उरत नाही. सभागृहातली ‘एक्झिट’ आणि मोर्चातला ‘शहीद’ हे दोन शब्द एकमेकांना कितीही तुच्छ लेखोत, जाणाऱ्याला उंच चढवण्यात ते सारखेच तरबेज आहेत.

बाहेरच्या जगात हे गणित थोडे पुढे गेले आहे. स्कॉटलंडच्या ‘फ्राइटन्ड रॅबिट’ या वाद्यवृंदाचा गायक स्कॉट हचिसन 2018 मध्ये गेला. त्याच्या कुटुंबीयांनी ‘टायनी चेंजेस’ ही लहान मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभी केली आणि 2019 मध्ये इतर गायकांनी त्याच वाद्यवृंदाची गाणी आपापल्या गळ्यातून गायलेला संग्रह त्याच नावाने आला. लॉजिक या अमेरिकी रॅपरने 2017 मध्ये मदतवाहिनीचा क्रमांकच गाण्याचे शीर्षक केले, आणि 2021 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाने त्या गाण्याचा सर्वाधिक बोलबाला असलेल्या 34 दिवसांत 9,915 म्हणजे 6.9 टक्के अधिक दूरध्वनी आल्याचे आणि आत्महत्या अंदाजे 245 ने कमी झाल्याचे मांडले. पण तिथे क्रमांक हेच गाण्याचे नाव होते आणि गाणे एका बचावलेल्याची कहाणी सांगत होते. भाईंदरच्या पडद्यावर ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक श्रोते चपला शोधत असताना येतो. ‘जीवन सुंदर आहे’ छापाच्या प्रबोधनगीतांबद्दल तर काही न बोललेलेच बरे.

विदर्भात मात्र जिवंत परंपरा आहे. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि कडेच्या खाचांत बसवलेल्या छोट्या झांजा, एवढीच सामग्री असलेली खंजिरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजनाला लावून घरोघर नेली. 1968 मध्ये ते गेल्यानंतर अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज चिंचोलीकर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत, वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना थेट टोकत, व्यसन, हुंडा, कर्ज आणि शेतकऱ्याचा जीव या विषयांवर कीर्तन करतात. येथे गुरूचे स्मरण तसबिरीत नसून वाद्यात आहे, आणि श्रोत्याला गप्प बसण्याची मुभा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी 22,746 एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ज्या राज्याच्या नावावर हा आकडा आहे, तिथल्या नागर संगीतसमीक्षेने सप्तखंजिरीला ‘लोकरंजन’ म्हणून बाजूला सारावे, ही निर्ढावलेली बेफिकिरी आहे.

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत वर्षानुवर्षे चालणारी प्रवासी भजनी मंडळेही याच घराण्यातली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ, पत्र्यावर पडणारी थाप आणि शेजारच्या प्रवाशांच्या कपाळावरच्या आठ्या. गाण्याची प्रत बहुधा सामान्यच. पण चाल उचलणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, की भाईंदर ते बोरिवलीच्या आतच त्याची विचारपूस सुरू होते. स्मृतिसंध्येच्या प्रेक्षागृहात एक खुर्ची रिकामी राहिली, तर आयोजकाला तिकिटाची चिंता वाटते. संगीत आत्मघात रोखते की नाही, या वादात सुरेलपणाची मोजमापे काढणाऱ्यांनी ही साधी हजेरी विचारात घेतलेली नाही.

आणि व्यवस्थेला तर गाण्याची ताकद मान्यच आहे, फक्त उलट्या दिशेने. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात नारायण कांबळे या शाहिरावर आरोप आहे तो गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. वीरा साथीदार यांनी साकारलेला हा शाहीर कायद्याच्या लेखी इतका प्रभावी आहे, की त्याचे एक गाणे माणूस मारू शकते. मात्र तेच गाणे माणूस वाचवू शकेल का, हा प्रश्न ना सरकारी वकिलाला पडतो, ना न्यायाधीशाला, ना सभागृहे आरक्षित करणाऱ्या सांस्कृतिक मंडळांना. खटला जसजसा पुढे सरकतो तसतसे कळते, की मेलेल्या कामगाराकडे सुरक्षेची कोणतीही साधने नव्हती. त्याची विधवा साक्ष देऊन बाहेर पडते, बचावाचा वकील तिला आपल्या गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती ते घेत नाही, कुठे काम मिळेल का, असे विचारते.