डेटाबेस-स्थलांतरातील मंदगती : रूढ निदानपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

एखादे संगणकीय ॲप्लिकेशन एका डेटाबेसवरून दुसऱ्या डेटाबेसवर हलविल्यानंतर ते चालते, उत्तरेही बरोबर देते, परंतु मंद होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पूर्वी क्षणार्धात उघडणारी यादी आता अर्धा मिनिट घेते. अशा वेळी संस्थांमध्ये दोन प्रतिक्रिया जणू ठरलेल्या असतात. पहिली, नवा डेटाबेसच मंद आहे. दुसरी, सर्व्हर अपुरा पडतो आहे. पहिलीतून स्थलांतर गुंडाळले जाते आणि जुन्या परवान्याचे शुल्क पुन्हा सुरू होते; दुसरीतून अधिक मोठे यंत्र विकत घेतले जाते. दोन्ही निर्णय खर्चिक असून बहुधा निदानापूर्वीच घेतले जातात. ज्या निदानपद्धतीतून असे निर्णय निघतात तिची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी मुख्यतः ओरॅकल व मायएस्क्यूएल यांवरून पोस्टग्रेसकडे होणाऱ्या स्थलांतराचा आधार घेतला आहे.

स्वातंत्र्याचे आश्वासन

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाच्या मुळाशी ‘डेटा-स्वातंत्र्य’ ही संकल्पना होती. माहिती यंत्राच्या आत कशी साठविली आहे, कोणत्या क्रमाने ठेवली आहे, तिच्यावर कोणते इंडेक्स आहेत, यांत बदल झाला तरी वापरकर्त्याची आज्ञावली बाधित होऊ नये, ही त्यांची भूमिका होती. काय हवे ते आज्ञावलीने सांगावे आणि ते कसे मिळवावे हे यंत्रणेने ठरवावे, अशी ही श्रमविभागणी आहे. ‘कसे’ ठरविणाऱ्या घटकाला ऑप्टिमायझर म्हणतात. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातून १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची जी रीत घालून दिली, तिचेच विस्तारित रूप आजच्या बहुतेक डेटाबेसमध्ये आढळते.

पुढे १९८६ साली एस्क्यूएल भाषेचे अमेरिकी व १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि मानक भाषेत लिहिलेली आज्ञावली कोणत्याही डेटाबेसवर सारखीच चालेल असा समज रूढ झाला. या समजाची मर्यादा मानकातच दिसते. इंडेक्स तयार करण्याची आज्ञा एस्क्यूएलच्या मानकात नाही. जवळजवळ प्रत्येक डेटाबेसमध्ये ती आहे, तिच्याविना कोणतीही मोठी प्रणाली एक दिवसही तग धरणार नाही. तरीही मानकाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. म्हणजे प्रश्नाचे उत्तर काय असावे यापुरतेच मानक बोलते. ते किती वेळात यावे हा विषय त्याने प्रत्येक विक्रेत्यावर सोडून दिला आहे. स्थलांतराची बहुतेक मार्गदर्शने मात्र भाषेच्या रूपांतरावरच भर देतात. कोणत्या फलनाला नव्या ठिकाणी कोणते नाव आहे, तारखा कशा लिहाव्यात, याचे तक्ते त्यांत विपुल असतात. हे काम चुकले तर त्रुटीचा संदेश येतो आणि दोष लगेच उघड होतो. मंदगतीचा दोष असा संदेश देत नाही, आणि नेमकी तीच बाजू या मार्गदर्शनांत सर्वांत दुबळी राहिली आहे.

जुन्या सवयींचे अवशेष

जुन्या डेटाबेसवर दहा-पंधरा वर्षे चाललेले ॲप्लिकेशन त्या डेटाबेसच्या स्वभावाशी नकळत जुळवून घेते. हे अवलंबन कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेले नसते. किंबहुना ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

याचे सर्वांत सुबोध उदाहरण मायएस्क्यूएलच्या जुन्या मायआयसॅम साठवण-यंत्रणेचे आहे. एखाद्या टेबलात एकूण ओळी किती, हा आकडा ती तयारच ठेवत असे. त्यामुळे ‘एकूण नोंदी इतक्या’ असा मजकूर प्रत्येक पानावर दाखविणे फुकट होते. २०१० सालच्या ५.५ आवृत्तीपासून मायएस्क्यूएलने स्वीकारलेली इनोडीबी ही मूलनियत यंत्रणा किंवा पोस्टग्रेस असा आकडा साठवत नाही, कारण एकाच क्षणी वेगवेगळ्या व्यवहारांना दिसणाऱ्या ओळींची संख्या वेगवेगळी असू शकते. ती प्रत्यक्ष मोजावी लागते. येथे मंदगतीचे मूळ पानाच्या रचनेत आहे आणि उपायही तेथेच करावा लागतो.

परकीय किल्लीचा प्रश्न याच जातीचा आहे. इनोडीबी परकीय किल्लीच्या कॉलमवर इंडेक्स आपोआप निर्माण करते. पोस्टग्रेस व ओरॅकल करत नाहीत. ॲप्लिकेशनमधील व्याख्यांवरून पोस्टग्रेसवर नव्याने टेबले उभारली, की ते इंडेक्स निःशब्दपणे गळून पडतात. मग मूळ टेबलातील एक ओळ काढून टाकताना दुय्यम टेबल संपूर्ण धुंडाळले जाते.

डेटा-प्रकारांचे प्रकरण अधिक फसवे आहे. ओरॅकलमध्ये पूर्णांक, अपूर्णांक, ओळख-क्रमांक असे सारे ‘नंबर’ या एकाच प्रकारात ठेवण्याचा प्रघात आहे. यांत्रिक रूपांतरात त्यांतील काही कॉलम ‘न्यूमरिक’ होतात, काही ‘बिगइंट’. अशी दोन टेबले जोडताना पोस्टग्रेसला बिगइंट मूल्यांचे न्यूमरिकमध्ये रूपांतर करावे लागते, आणि बिगइंट कॉलमवरील इंडेक्स निरुपयोगी ठरतो. उत्तर अचूक येते. इंडेक्सही जागेवर दिसतो. तो वापरला मात्र जात नाही. एस्क्यूएल सर्व्हरकडे जाणाऱ्या जावा ॲप्लिकेशनांत याचाच जुळा भाऊ भेटतो. तेथील जावा ड्रायव्हर मजकूर मूलतः युनिकोड म्हणून पाठवितो. कॉलम साध्या ‘व्हारचार’ प्रकारचा आणि त्याची वर्णक्रम-व्यवस्था जुन्या धाटणीची असेल, तर इंडेक्समध्ये नेमक्या जागी पोहोचण्याऐवजी तो पूर्ण वाचला जातो.

मायएस्क्यूएलमध्ये मजकुराची तुलना मूलतः लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता होते. पोस्टग्रेसमध्ये तोच परिणाम साधण्यासाठी आज्ञावलीकार कॉलमभोवती ‘लोअर’ हे फलन गुंडाळतात, आणि कॉलमवरील साधा इंडेक्स त्या शोधाला उपयोगी पडेनासा होतो. त्या फलनावरच वेगळा इंडेक्स बांधावा लागतो. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांच्या संदर्भात यात एक विनोदही दडला आहे. देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही. तरी विद्यार्थ्यांची वा खातेदारांची मराठी नावेही याच फलनातून जातात आणि न मिळालेल्या सोयीची किंमत मोजतात.

ओरॅकलमधील ‘हिंट’ म्हणजे ऑप्टिमायझरला दिलेली सूचना. ती शेऱ्याच्या स्वरूपात लिहिली जाते. पोस्टग्रेस तिला खरोखरच शेरा समजून सोडून देतो. ज्या क्वेरी जुन्या काळी अनुभवी हातांनी घासूनपुसून वेगवान केल्या होत्या, त्याच नव्या ठिकाणी सर्वाधिक उघड्या पडण्याची शक्यता असते.

निदानाचा क्रम

रूढ सल्ल्याचा प्रारंभ बहुधा संरचनेच्या आकड्यांपासून होतो: स्मृती वाढवा, बफर वाढवा. पोस्टग्रेसची मूळ मूल्ये सावध असतात, बफरसाठी साधारणतः १२८ मेगाबाइट, हे खरे. ती वाढविणे योग्यच आहे. परंतु सर्व क्वेरी थोड्याथोड्या मंद झाल्या आहेत, की मोजक्याच क्वेरी शेकडो पटींनी मंद झाल्या आहेत, हे आधी पाहिले पाहिजे. पहिल्या स्थितीत स्मृती किंवा डिस्क यांचा विचार सयुक्तिक ठरतो. दुसऱ्या स्थितीत मार्गाची निवड चुकलेली असते, आणि दुप्पट स्मृतीने चुकीचा मार्ग बरोबर होत नाही.

मार्गाच्या निवडीत सर्वप्रथम सांख्यिकी तपासावी लागते. कोणत्या कॉलममध्ये किती भिन्न मूल्ये आहेत, कोणते मूल्य वारंवार येते, या नमुन्यावरून ऑप्टिमायझर अंदाज बांधतो. माहिती घाऊक भरल्यानंतर ‘ॲनालाइझ’ ही आज्ञा चालविली नाही, तर हे अंदाज आंधळे असतात. पोस्टग्रेसमधील स्वयंचलित व्यवस्था हे काम यथावकाश करते; पण पहिली चाचणी अनेकदा त्याआधीच उरकली जाते आणि तिचा निष्कर्ष अहवालात कायमचा राहतो. तात्पुरत्या टेबलांना तर ही व्यवस्था हातच लावत नाही. ओरॅकलवरील ज्या आज्ञावल्या मधले निकाल तात्पुरत्या टेबलांत साठवून पुढे जातात, त्यांत ही आज्ञा स्पष्टपणे लिहावी लागते.

त्यानंतर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’चे वाचन. येथेही एक प्रमाद सर्रास आढळतो: संपूर्ण टेबल वाचले जात आहे असे दिसताच बोट तेथे ठेवले जाते. टेबलाचा मोठा भाग लागणारच असेल तर ते सलग वाचणे हाच शहाणा मार्ग असतो. पाहायचे ते अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतील अंतर. जेथे अंदाज पाच ओळींचा आणि प्रत्यक्षात पाच लाख ओळी, तेथून पुढचे सारे निर्णय बिघडलेले असतात.

काही वेळा मात्र डेटाबेसमधील प्रत्येक क्वेरी जलद असते आणि तरी पडदा हलत नाही. एक पान दाखविण्यासाठी ॲप्लिकेशन दोनशे क्वेरी पाठवीत असेल, तर शेजारच्या सर्व्हरशी अर्ध्या मिलिसेकंदात होणाऱ्या फेऱ्यांना एक दशांश सेकंद लागतो. नवा डेटाबेस वीस मिलिसेकंद अंतरावर असेल तर चार सेकंद. येथे डेटाबेस बदलल्याचा दोष नसून त्याची जागा बदलल्याचा आहे. दोन्ही बदल एकाच दिवशी केले की कोणता दोष कशाचा, हे कळेनासे होते. ड्रायव्हरचेही असेच आहे. ओरॅकलचा जावा ड्रायव्हर मूलतः दहा-दहा ओळी आणतो, पोस्टग्रेसचा सर्व ओळी एकदम आणून स्मृतीत ठेवतो. लाखो ओळींचा अहवाल काढताना ॲप्लिकेशन-सर्व्हर गुदमरतो आणि ठपका डेटाबेसवर येतो.

सल्ल्यालाही कालमर्यादा असते, हेही ध्यानात घेतले जात नाही. ‘विथ’ उपवाक्य पोस्टग्रेसमध्ये टाळावे, हा उपदेश २०१९ सालच्या १२ व्या आवृत्तीपूर्वी रास्त होता, कारण तेव्हा तो भाग नेहमी स्वतंत्रपणे पूर्ण केला जाई. आता एकदाच वापरलेले साधे उपवाक्य मुख्य क्वेरीत सामावून घेतले जाते. उपदेश मात्र अद्याप फिरतोच आहे.

प्रसिद्ध दाखल्यांचे वाचन

उबर कंपनीने २०१३ साली मायएस्क्यूएलकडून पोस्टग्रेसकडे वाटचाल केली आणि २०१६ साली पोस्टग्रेस सोडून मायएस्क्यूएलकडे का वळलो, याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. पोस्टग्रेसमधील प्रत्येक इंडेक्स ओळीच्या भौतिक स्थानाकडे निर्देश करतो, म्हणून एका बदलासाठी अनेक इंडेक्सांत लेखन करावे लागते, हा त्यातील मुख्य आक्षेप. आक्षेप निराधार नाही. परंतु इंडेक्स असलेला कॉलम बदलला नसेल आणि पानात जागा असेल तर हे लेखन टाळण्याची सोय २००८ पासून पोस्टग्रेसमध्ये होती. शिवाय उबरने मायएस्क्यूएल जसाच्या तसा न वापरता त्यावर स्वतःचा स्तर उभारला होता. तेव्हा हे निवेदन एका विशिष्ट कार्यभाराचे निदान म्हणून उत्तम आहे. ‘पोस्टग्रेस मंद आहे’ याचा पुरावा म्हणून ते उद्धृत करणे हा त्याचा गैरवापर होय.

ॲमेझॉनचा दाखला उलट दिशेचा आहे. ग्राहक-व्यवसायातील सुमारे ७५०० ओरॅकल डेटाबेस व ७५ पेटाबाइट माहिती हलविल्याचे कंपनीने २०१९ साली जाहीर केले आणि वेग वाढल्याचेही सांगितले. येथे सांगणारा आणि नव्या डेटाबेससेवा विकणारा एकच आहे. शिवाय स्थलांतर एका डेटाबेसकडे न होता कामाच्या स्वरूपानुसार अनेक सेवांकडे झाले. ‘डेटाबेस बदलला आणि वेग वाढला’ असे सरळ समीकरण त्यातून निघत नाही.

त्रयस्थ तुलना दुर्मीळ असण्यामागे कायदेशीर कारणही आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट व सहकाऱ्यांनी १९८३ साली डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर ओरॅकलसह काही विक्रेत्यांच्या परवान्यांत अनुमतीविना चाचणीचे निष्कर्ष प्रकाशित करण्यास मनाई करणारी अट आली. ती आजही ‘डेविट कलम’ या नावाने ओळखली जाते. अभ्यासकांनी ज्या आकड्यांवर विसंबावे असे आकडे अशा अटींमुळे आकुंचित होतात.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे एप्रिल २०१८ मधील स्थलांतर हे एकट्या डेटाबेसचे नव्हते. संपूर्ण बँकिंग प्रणालीच बदलली होती. परंतु नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड ठोठावताना नोंदविलेली एक गोष्ट येथे प्रस्तुत आहे: माहितीचे स्थलांतर यशस्वी झाले होते, मात्र नवी प्रणाली तत्काळ कोलमडू लागली. कारभार पूर्ववत होण्यास त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. ओळींची संख्या जुळली म्हणजे स्थलांतर झाले, या स्वीकृतीच्या निकषात ही आपत्ती बसतच नाही.

आपल्याकडील संस्थाही स्वीकृतीपत्रावर सही करताना बहुधा हाच निकष लावतात. जुन्या प्रणालीत कोणती क्वेरी दिवसातून किती वेळा चालत होती, गर्दीच्या तासाला तिला किती वेळ लागत होता, याची नोंद जुन्या डेटाबेसमध्येच असते. नव्या प्रणालीतील विलंबाची तुलना करायची तर आधार तोच. स्थलांतराच्या करारात ही नोंद काढून ठेवण्याचे कलम क्वचितच असते, आणि तक्रारी येईपर्यंत जुना सर्व्हर बंद झालेला असतो.